विश्लेषण : समुद्रात चरणारा जगातला एकमेव सरडा, उपासमारीत हाडांसकट आखडतो, पण तेलाच्या अंशापुढे हरतो, असे का?

गॅलापागोस बेटांवरचा सागरी इग्वाना लाखो वर्षे एल निनोचे तडाखे सोसत आला आहे. त्याच्या शरीरातली प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट त्यासाठीच घडली आहे. माणसाने आणलेल्या संकटांवर मात्र त्याच्याकडे उत्तर नाही.

२०१६ मध्ये बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ या मालिकेतली एक क्लिप जगभर फिरली. वाळूतून नुकतेच बाहेर आलेले सरड्याचे पिल्लू, खडकांच्या फटींतून त्याच्यावर झेपावणारे साप आणि सापांच्या विळख्यातून निसटून धावत सुटलेले ते पिल्लू. अनेकांच्या मोबाइलवर ती क्लिप कधी ना कधी आली असेल. ते पिल्लू होते फर्नांडिना बेटावरच्या सागरी इग्वानाचे. सापांपासून वाचून ते ज्या काळ्या खडकांकडे धावत होते, तिथे पोहोचणे त्याला भागच होते. कारण त्याचे पुढचे सगळे आयुष्य त्या खडकांवर आणि समोरच्या समुद्रावर अवलंबून असते.

सागरी इग्वाना नेमका कोण?

जगात सरड्यांच्या सात हजारांहून अधिक प्रजाती आहेत. त्यातल्या काही पाण्याकाठी राहतात, काही पोहतातही. पण समुद्रात उतरून तिथेच पोट भरणारा सरडा एकच, तो म्हणजे सागरी इग्वाना. त्याचे शास्त्रीय नाव ‘अँब्लिऱ्हिंकस क्रिस्टॅटस’. थॉमस बेल या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले.

मोठा नर शेपटीसह मीटरभराहून लांब असतो. रंग काळा किंवा करडा, पाठीवर काट्यांची रांग, तोंड बोथट आणि पायांना लांब नखे. आपल्याकडची घोरपड पाहिलेल्याला तो तिचा भाऊबंद वाटेल. पण घोरपड मांसाहारी आहे, तर हा उग्र चेहऱ्याचा प्राणी शाकाहारी आहे. मोठा झाल्यावर तो जवळजवळ पूर्णपणे समुद्रातल्या शेवाळावर जगतो.

१८३५ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून चार्ल्स डार्विन या बेटांवर आला, तेव्हा त्याला हा प्राणी कुरूप आणि मठ्ठ वाटला होता. तरीही त्याने एक साधा प्रयोग केला. एका इग्वानाला त्याने भरतीच्या पाण्याने भरलेल्या डबक्यात पुन्हा पुन्हा फेकले. उत्तम पोहता येत असूनही तो दरवेळी सरळ डार्विन उभा होता त्याच जागी परत आला. डार्विनने त्यावरून तर्क केला, की या प्राण्याला जमिनीवर शत्रू माहीतच नाही. त्याचे शत्रू, म्हणजे शार्क, समुद्रात आहेत. त्यामुळे घाबरला की तो किनाऱ्याकडेच धाव घेतो. जवळपास दोनशे वर्षांनंतर हीच सवय या प्राण्याच्या मुळावर येते आहे. त्याविषयी पुढे पाहू.

विषुववृत्तावर असूनही तिथले पाणी थंड कसे?

गॅलापागोस हा इक्वेडोर देशाचा द्वीपसमूह. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरात सुमारे हजार किलोमीटर आत. ज्वालामुखींतून तयार झालेली ही बेटे थेट विषुववृत्तावर आहेत. तिथले पाणी कोमट असायला हवे. पण दक्षिणेकडून हम्बोल्ट हा थंड प्रवाह येतो आणि पश्चिमेकडून खोल पाण्यातून वाहणारा क्रॉमवेल प्रवाह बेटांना धडकून वर उसळतो. खोल समुद्रातले हे पाणी थंड तर असतेच, शिवाय पोषक द्रव्यांनी भरलेले असते. शेतात खत पडावे तसा त्याचा परिणाम होतो. किनाऱ्याच्या खडकांवर लाल आणि हिरव्या शेवाळाचा गालिचा पसरतो.

बेटांवरचा किनारपट्टीचा भाग मात्र बहुतांश कोरडा. काळा लाव्हा, तुरळक निवडुंग, बाकी फारसे काही नाही. जमिनीवर दुष्काळ आणि पाण्याखाली कुरण अशी ही परिस्थिती. सागरी इग्वाना त्या कुरणावर चरायला शिकला. गंमत म्हणजे, हे कुरण थंड पाण्यातच वाढते आणि सरड्याला जगायला ऊब लागते. या प्राण्याची सगळी कथा या एका विसंगतीभोवती फिरते.

तो खातो कसा? सगळेच इग्वाना डुबकी मारतात का?

नाही. खोल पाण्यात डुबकी मारणारे इग्वाना मोजके, साधारण शंभरातले पाच. हे बहुधा मोठे नर असतात. माद्या, लहान नर आणि पिल्ले ओहोटीची वाट पाहतात. पाणी मागे हटले, खडक उघडे पडले, की ती खाली उतरून शेवाळ खरवडून खातात. लाटा अंगावर येतात तेव्हा लांब नख्यांनी खडकाला घट्ट धरून बसतात. त्यांचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते.

मोठे नर ऊन वर आल्यावर, अंग तापवून घेऊन समुद्रात शिरतात. पाय अंगालगत घेऊन, चपटी शेपूट डावी-उजवीकडे हलवत ते पोहतात. तळाशी गेल्यावर नख्यांनी खडक पकडतात. बोथट तोंडामुळे दात थेट खडकाला टेकवता येतात आणि तीन टोकांच्या बारीक दातांनी शेवाळ ब्लेडने कापल्यासारखे निघते. बहुतेक डुबक्या उथळ पाण्यात आणि काही मिनिटांच्याच असतात. पण अर्धा तास पाण्याखाली राहण्याची आणि ३० मीटरपर्यंत खोल जाण्याची त्याची क्षमता आहे. पाण्याखाली असताना त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे प्राणवायू पुरवून वापरला जातो.

थंड पाण्यात तो गारठत नाही का?

गारठतो, आणि हीच त्याची सर्वात मोठी अडचण आहे. आपल्या शरीरात उष्णता आतून तयार होते. सरड्याला ती उन्हातून घ्यावी लागते. सागरी इग्वानाचे शरीर ३५ ते ३७ अंश सेल्सियसला उत्तम चालते. तो जिथे चरतो ते पाणी मात्र ११ ते २३ अंशांचे असते. एका फेरीत त्याच्या शरीराचे तापमान १० अंशांपर्यंत घसरू शकते. तापमान घसरले की स्नायू संथ होतात, पकड सैल होते आणि पोहणे जड जाते. म्हणजे त्याच्याकडे मोबाइलच्या बॅटरीसारखी उष्णतेची ठरावीक शिल्लक असते. ती संपण्याआधी खाऊन परतावे लागते.

मोठ्या नरांनाच खोल डुबकी का परवडते, याचे उत्तरही यातच आहे. मोठ्या पातेल्यातला चहा कपातल्या चहापेक्षा उशिरा निवतो. तसेच मोठे शरीर उशिरा गार होते. पिल्लू त्या पाण्यात काही मिनिटांतच गारठून जाईल.

बाहेर आल्यावर इग्वाना काळ्या लाव्हावर पोट टेकून पसरतो. त्याची काळी त्वचा ऊन झटकन शोषते. हे ऊन खाणे म्हणजे आळस नव्हे. शेवाळ पचवायचे काम आतड्यातले जिवाणू करतात आणि त्यांना ऊब लागते. ऊन मिळाले नाही तर खाल्लेले पचत नाही. दुपारी खडक फारच तापला तर तो सूर्याकडे तोंड करून, छाती उचलून बसतो, म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडते. रात्री बरेच जण एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, त्यामुळे दिवसाची ऊब टिकते.

इतके खारे पाणी पोटात जाते, त्याचे काय?

शेवाळाबरोबर समुद्राचे मीठही पोटात जाते. ते साचले तर प्राणी मरेल. त्यासाठी त्याच्या नाकपुड्यांजवळ खास ग्रंथी आहेत. त्या रक्तातले जास्तीचे मीठ गाळून घेतात आणि इग्वाना ते शिंकेसरशी फवारून टाकतो. बराचसा फवारा त्याच्याच डोक्यावर पडतो आणि वाळतो. छायाचित्रांत या प्राण्यांच्या डोक्यावर जी पांढरी टोपी दिसते, ती मिठाची.

जमिनीवरचा सरडा समुद्रात गेला कधी?

गॅलापागोसवर जमिनीवर राहणारे इग्वानाही आहेत. निवडुंग आणि झाडपाला हे त्यांचे अन्न. दोघांचे पूर्वज एकच. जनुकीय अभ्यासानुसार दोन्ही शाखा साधारण ४५ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. इथे एक कोडे आहे. आज पाण्यावर असलेली सर्वात जुनी बेटेही एवढी जुनी नाहीत. मग हे वेगळे झाले कुठे? उत्तर असे, की पृथ्वीच्या कवचाबरोबर ही बेटे सावकाश सरकतात, खचतात आणि शेवटी बुडतात. आज समुद्राखाली असलेली जुनी बेटे कधीकाळी वर होती. इग्वाना बुडत्या बेटांवरून नव्या बेटांवर पोहोचत राहिले.

नाते अजूनही पुरते तुटलेले नाही. साउथ प्लाझा या छोट्या बेटावर सागरी नर आणि जमिनीवरची मादी यांचे संकरित इग्वाना अधूनमधून आढळतात. मात्र त्यांची पुढची पिढी होत नाही.

बेटागणिक आकार वेगळा का?

दक्षिण इसाबेला बेटावर नराचे वजन १२ किलोपर्यंत जाते. त्याच द्वीपसमूहातल्या जेनोव्हेसा बेटावर पूर्ण वाढलेला नर जेमतेम किलोभराचा. प्रजाती एकच, मग एवढा फरक कशामुळे? मुख्य कारण अन्न. पश्चिमेकडच्या बेटांजवळ थंड पाणी जोराने वर येते, तिथे शेवाळ मुबलक. ईशान्येला पाणी कोमट आणि शेवाळ तोकडे. जेवढे कुरण, तेवढे शरीर.

त्यात एक ओढाताणही आहे. विणीच्या काळात नर खडकांवर आपापल्या छोट्या जागा धरून, माना हलवत माद्यांचे लक्ष वेधतात. माद्या बहुधा मोठा नर निवडतात. म्हणजे वंश चालवायचा तर मोठे व्हावे लागते. पण मोठ्या शरीराला खायलाही जास्त लागते आणि तोंड काही त्या प्रमाणात मोठे होत नाही. सुकाळात हा हिशेब जमतो. दुष्काळात सर्वात आधी मोठेच मरतात.

२०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुके आणि शरीररचना तपासून या प्रजातीच्या ११ उपप्रजाती निश्चित केल्या. सान क्रिस्टोबाल बेटाच्या एका भागातल्या उपप्रजातीला त्यांनी नाव दिले ‘गॉडझिला’.

एल निनो आला की काय होते?

एल निनो हा शब्द आपण दर उन्हाळ्यात मान्सूनच्या अंदाजात ऐकतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हाही एल निनोची चर्चा होती. प्रशांत महासागरावरचे पूर्वेकडून येणारे वारे मंदावले, की कोमट पाणी दक्षिण अमेरिकेच्या बाजूला साचते. त्याचे परिणाम हजारो किलोमीटर दूर आपल्या पावसावर होऊ शकतात. गॅलापागोस तर या घटनेच्या दारातच आहे.

तिथे एल निनोत नेमके उलटे चित्र दिसते. जमिनीवर धो धो पाऊस पडतो, झाडोरा वाढतो, बिया खाणाऱ्या फिंच पक्ष्यांची चंगळ होते. समुद्रात मात्र खालून येणारे थंड पाणी थांबते, पोषक द्रव्ये मिळत नाहीत आणि लाल-हिरवे शेवाळ नाहीसे होते. त्याजागी तपकिरी शेवाळ वाढते, ते इग्वानाला नीट पचत नाही. पोट भरलेले असूनही तो उपाशी राहतो. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या तीव्र एल निनोंत इग्वानांचे मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले. एल निनोच्या काळात काही बेटांवर ९० टक्क्यांपर्यंत इग्वाना मेल्याची नोंद आहे.

याच काळात संशोधकांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. वर्षानुवर्षे खुणा करून मोजलेल्या इग्वानांची लांबी एल निनोनंतर कमी भरत होती. सुरुवातीला मोजमापात चूक झाली असावी असे वाटणे स्वाभाविक होते. पण ते पुन्हा पुन्हा दिसले. मार्टिन विकेल्स्की आणि कोरिना थॉम यांनी २००० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ते मांडले. दोन वर्षांत काही इग्वाना ६.८ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे शरीराच्या लांबीच्या २० टक्क्यांपर्यंत आखडले होते. उपासात वजन घटणे समजू शकते. पण पूर्ण वाढ झालेल्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्याची लांबी घटणे ही वेगळी गोष्ट. नुसती कूर्चा आणि मऊ ऊती कमी होऊन एवढा फरक पडत नाही. त्यामुळे हाडांचा काही भागही शरीर परत शोषून घेत असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

याचा फायदाही दिसला. जे जास्त आखडले, ते जास्त काळ जगले. शरीर लहान झाले की गरज कमी होते आणि मिळेल तेवढ्या शेवाळात भागते. समुद्र पुन्हा थंड झाला, शेवाळ परतले, की हेच इग्वाना पुन्हा वाढतात. वर सांगितलेली ओढाताण सोडवायची ही त्यांची पद्धत. सुकाळात मोठे व्हायचे, दुष्काळात लहान.

मग ‘जेसिका’ प्रकरणात काय बिघडले?

१६ जानेवारी २००१ रोजी ‘जेसिका’ नावाचे तेलवाहू जहाज सान क्रिस्टोबाल बेटाजवळ खडकांवर रुतले. डिझेल आणि जहाजाचे जड इंधन समुद्रात सांडले. वारा आणि प्रवाहांनी बरेचसे तेल बेटांपासून दूर नेले. किनाऱ्यावर तेलाने माखून मेलेले प्राणी फारसे आढळले नाहीत. मोठे संकट टळले, असेच तेव्हा वाटले.

पण सांता फे बेटावर इग्वानांची नियमित मोजणी होत होती. तिथे किनाऱ्यावर तेलाचा अगदी किरकोळ अंश पोहोचला होता. वर्षभरात तिथले ६२ टक्के सागरी इग्वाना मेले. तेल न पोहोचलेल्या जेनोव्हेसा बेटावर असे काहीच झाले नाही. त्या वर्षी एल निनोही नव्हता. २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये ही आकडेवारी आली, तेव्हा संशोधकांनी एक शक्यता मांडली. तेलाच्या अंशाने इग्वाना थेट मेले नसावेत. त्यांच्या आतड्यातले शेवाळ पचवणारे जिवाणू मेले असावेत. पिल्ले हे जिवाणू मोठ्यांची विष्ठा खाऊन मिळवतात, त्यांच्याशिवाय शेवाळाचा उपयोग नाही. समोर कुरण हिरवेगार असताना उपासमार झाली, ती अशी.

इग्वानाच्या शरीराला अन्न कमी होण्याची भाषा कळते, त्यावर आखडण्याचे उत्तर आहे. पचनच बंद पाडणाऱ्या गोष्टीवर आखडून काय होणार?

मांजर-कुत्र्यांचा धोका एवढा का?

डार्विनने पाहिलेली निर्भयता इथे आडवी येते. या बेटांवर मोठे सस्तन शिकारी कधीच नव्हते. साप, बगळे आणि गॅलापागोस हॉक हा शिकारी पक्षी एवढेच शत्रू. त्यांच्यासाठी इग्वाना तयार आहे. स्वतः आवाज काढत नसला तरी मॉकिंगबर्ड पक्ष्याची धोक्याची हाक तो ओळखतो आणि सावध होतो, हे प्रयोगातून दिसले आहे.

माणसाबरोबर मात्र कुत्री, मांजरे, उंदीर आणि डुकरे आली. उंदीर-डुकरे अंडी खातात, मांजरे पिल्ले उचलतात आणि कुत्री मोठ्या इग्वानांनाही मारतात. शिकारी नसलेल्या बेटांवरच्या इग्वानांजवळ माणूस गेला, तरी त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक वाढत नाही, असे संशोधनात आढळले. एकदा पकडले गेल्याचा अनुभव आला की ते वाढते, ते थोडे आधी पळूही लागतात. पण कुत्र्यापासून वाचायला तेवढे अंतर पुरत नाही.

त्यात पैदास संथ. मादी जमिनीत बीळ करून एक ते सहा अंडी घालते, तीही बऱ्याचदा वर्षाआड. पिल्ले बाहेर यायला तीनेक महिने लागतात. एल निनोत घटलेली संख्या सावरण्यासाठी नव्या पिल्लांवर भिस्त असते. पिल्लेच मांजरांनी खाल्ली तर पुढच्या एल निनोपर्यंत भरपाई होत नाही.

संरक्षणासाठी काय केले जाते?

इक्वेडोरने १९५९ मध्ये गॅलापागोस राष्ट्रीय उद्यान घोषित केले. १९७८ मध्ये युनेस्कोच्या पहिल्या जागतिक वारसा यादीत या बेटांचा समावेश झाला. १९९८ मध्ये भोवतालचा समुद्र सागरी अभयारण्य झाला. २०२२ मध्ये त्याला जोडून ६० हजार चौरस किलोमीटरचे ‘एर्मांदाद’ हे नवे राखीव क्षेत्र जाहीर झाले. पर्यटकांना प्राण्यांपासून किमान दोन मीटर लांब राहावे लागते, फ्लॅश वापरता येत नाही. काही बेटांवरून बाहेरून आलेले प्राणी हटवण्याच्या मोहिमाही झाल्या आहेत. क्लिपमधले फर्नांडिना बेट आजही माणसाच्या वस्तीपासून आणि त्याने आणलेल्या सस्तन प्राण्यांपासून मुक्त आहे.

सागरी इग्वानांची एकूण संख्या दोन ते तीन लाख असावी, असा अंदाज दिला जातो. आकडा दिलासा देणारा वाटतो. तरीही ‘आययूसीएन’च्या लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे आणि त्याच्या काही उपप्रजाती अधिक गंभीर धोक्यात आहेत. प्रत्येक उपप्रजाती एखाद-दुसऱ्या बेटापुरती मर्यादित असल्याने एका बेटावरचे संकट म्हणजे एका अख्ख्या उपप्रजातीवरचे संकट ठरू शकते.

पुढे काय?

समुद्र तापत असताना तीव्र एल निनो वारंवार येऊ लागले, तर दोन एल निनोंच्या मधला सावरण्याचा काळ कमी होईल. आखडलेल्या शरीराला पुन्हा वाढायला आणि पिल्लांना मोठे व्हायला हीच वर्षे लागतात. एल निनो थांबवणे कुणाच्या हातात नाही. जहाजांचे मार्ग आणि इंधन, बेटांवरची मांजरे-कुत्री आणि किनाऱ्यावरची वर्दळ या गोष्टी मात्र माणसाच्या हातातल्या आहेत. सेमूर नॉर्ते बेटावर काही सागरी इग्वाना किनाऱ्यावरची खारट वनस्पतीही खाताना आढळले आहेत. म्हणजे नवे काही शिकायची त्यांची तयारी दिसते. त्यासाठी लागणारा वेळ त्यांना मिळतो का, हा प्रश्न आहे.